चादरीवरचा मोर मागाला कसा कळतो? तिसरी-चौथीच्या हुशार मुलांसोबत पहिला प्रकल्प घेताना

यंदा पहिल्यांदाच तुमच्याकडे प्रज्ञावान मुलांचा गट आला असेल, तिसरी-चौथीची पंधरा-वीस मुलं असतील आणि 'यांच्याकडून एखादा चांगला प्रकल्प करून घ्या' एवढंच सांगितलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सोलापुरात शिकवताना हाताशी खूप काही आहे, त्यामुळे उदाहरणही इथलंच घेतलंय: सोलापुरी चादर. तुमच्या शाळेच्या आसपास माग नसतील तर विषय बदला, पायऱ्या याच ठेवा.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. थर्माकोलचा किल्ला, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं आणि रात्री अकरा वाजता आईने पूर्ण केलेली प्रकल्पवही हे सगळं बाजूला ठेवायचं. त्यात मुलाला शोधायला काही उरलेलंच नसतं. हुशार मूल ते पाच मिनिटांत ओळखतं आणि त्याचं मन तिथून उठून जातं. प्रकल्पाच्या मुळाशी असा प्रश्न हवा की ज्याचं उत्तर मुलांना ठाऊक नाही, पुस्तकात एका ओळीत सापडत नाही आणि शोधून काढलं तर वर्गाबाहेरच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली, तेव्हाही भर यावरच होता: मुलाने मन लावून, स्वतःचा हेतू धरून केलेलं काम.

पायरी १ : गुण बाजूला ठेवून मुलं बघा

पहिले दोन आठवडे प्रकल्पाचं नावही काढू नका. नुसतं बघा, ऐका, लिहून ठेवा. गटातली मुलं बहुतेक वेळा गुणांवरून निवडलेली असतात आणि गुणांवरून सगळं कळत नाही. अमेरिकेतले जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची तीन वर्तुळं मांडली: सरासरीहून बरी क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे मोठं काम उभं राहतं. परीक्षेत यातलं पहिलं थोडंफार दिसतं. उरलेली दोन दिसायला मुलाला काहीतरी करायला द्यावं लागतं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात, कन्नड बोलणारी असतात, दखनी-उर्दू बोलणारी असतात. शब्दांत मांडलेलं गणित मराठीत वाचताना जे मूल अडखळतं, ते चित्र काढून दाखवलं की सगळ्यांच्या आधी सोडवतं, असं कितीदा तरी होतं. चाळणी परीक्षेत भाषा आडवी आली म्हणून अशी मुलं बाहेर राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या हातात असेल तर दोन-तीन जागा निरीक्षणावरून भरण्यासाठी मोकळ्या ठेवा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, यादी लागल्यावर ते अवघड होतं.

निरीक्षणासाठी एक साधी युक्ती: टेबलावर जुनी सोलापुरी चादर पसरून ठेवा, दोन भिंगं ठेवा आणि काही सांगू नका. कोण येऊन दोन्ही बाजू उलटून बघतं, कोण धागे मोजायला लागतं, कोण दुसऱ्या दिवशी घरची चादर घेऊन येतं, ते टिपा.

पायरी २ : प्रश्न मुलांच्या तोंडून येऊ द्या, मग पारखा

चादरीभोवती जमलेल्या मुलांना 'काय विचारावंसं वाटतं?' एवढंच विचारा आणि जे येईल ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. भाषा सुधारू नका. 'मॅडम, कुठं लाल द्यायचं ते मशीनला कसं कळतंय?' हा प्रश्न असाच लिहिला गेला पाहिजे. चाळीसेक प्रश्न सहज जमतात. त्यातले बरेचसे माहितीचे असतात: चादर किती रुपयाला, कारखाने किती. ते एका कागदावर काढून ठेवा, जाता जाता सुटतील.

उरलेल्या प्रश्नांना तीन कसोट्या लावा. उत्तर शोधायला मुलांना काहीतरी मोजावं, बनवावं किंवा कुणाला भेटून विचारावं लागेल का? सहा आठवड्यांत ते त्यांच्या हाताने होईल का? आणि उत्तर कुणाला हवंय? मशीनला कसं कळतं, हा प्रश्न पहिल्या दोन कसोट्यांना सरळ उतरतो. तिसरीसाठी थोडं जुळवावं लागतं. आपण असं ठरवू: मुलं नक्षी सांगणारी कार्डं आणि एक छोटा माग बनवतील, दुसरीच्या मुलांना त्यावर विणून दाखवतील आणि स्वतः काढलेली एक नक्षी माग चालवणाऱ्या माणसाकडून पारखून घेतील.

इथे घाई करू नका. प्रश्न बारीक आणि टोकदार होण्यात दोन तास गेले तरी चालतील. 'सोलापूरचा वस्त्रोद्योग' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर मुलं आंतरजालावरून चार परिच्छेद उतरवतील आणि तुमच्याही हातात काही येणार नाही.

पायरी ३ : विषय आधी तुम्ही समजून घ्या

मुलांच्या दोन पावलं पुढे असणं पुरेसं आहे, पण तेवढं मात्र हवंच. कापडात उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे असतात तो बाणा. कांडीवर गुंडाळलेला आडवा धागा धोट्यातून, म्हणजे कांडी घेऊन धावणाऱ्या मागाच्या भागातून, इकडून तिकडे जातो. तो जाताना कोणते उभे धागे वर उचललेले आहेत यावर नक्षी ठरते. साध्या कापडात एक सोडून एक धागा उचलला की झालं. मोर, फूल, कोयरी विणायची तर प्रत्येक ओळीला वेगळे धागे उचलावे लागतात, आणि तिथे जेकार्ड येतं.

फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या कार्डांवर चालणारी ही यंत्रणा तयार केली. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. कार्डावर छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. कार्डं एकमेकांना ओवून त्यांची साखळी केली की नक्षी पुन्हा पुन्हा विणली जाते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीची नक्षी जेकार्डावरच होते. काही ठिकाणी आता कार्डांऐवजी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसलंय, पण उचल किंवा उचलू नको हा हुकूम तोच आहे.

या टप्प्यावर मुलांचे डोळे चमकतात, कारण छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून मोर तयार होतो. हीच कल्पना पुढे इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन होलेरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रांची कार्डं वाचून मोजणी केली. हे सगळं पहिल्या दिवशी सांगून टाकू नका. मुलं स्वतः कार्ड बनवून बसली आणि कुणीतरी 'हे कॉम्प्युटरसारखं आहे' म्हणालं की त्या दिवशी सांगा. कुणीच म्हणालं नाही तर शेवटच्या आठवड्यात सांगा.

पायरी ४ : वेळ कुठून काढायचा

हा प्रश्न प्रत्येक नवा शिक्षक विचारतो. उत्तर पाठ्यक्रमातच आहे. परिमिती, सममिती, गुणाकार, आलेख, परिसर अभ्यासातले व्यवसाय, मराठीतलं मुलाखत आणि सूचनालेखन हे सगळं या प्रकल्पात येतं. प्रत्येक घटकाची दहा प्रश्नांची छोटी चाचणी आधीच घ्या. ज्यांना तो घटक येतोय त्यांना तो पुन्हा शिकवू नका आणि वाचलेला वेळ प्रकल्पाला द्या. येणाऱ्यालाच आणखी वीस उदाहरणं देणं ही त्याच्या हुशारीला दिलेली शिक्षा आहे. आपल्याकडे ती फार सर्रास दिली जाते.

आठवड्यातून तीन वेळा, सलग दोन तासिका मागून घ्या. एकेक सुटी तासिका मिळाली तर सामान काढण्यात आणि आवरण्यातच संपते. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. म्हणजे सहा आठवड्यांत, संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी काम पुरं होतं. यात्रेच्या दिवसांत सोलापुरातल्या मुलांचं लक्ष मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांकडे असतं आणि ते तसंच असू द्यावं. मार्चनंतर फिरण्याचे प्रकल्प नकोत, उन्हात मुलं भाजून निघतात.

पायरी ५ : मागावर जाण्याआधी आणि गेल्यावर

सोलापूर शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना दाखवणारं कुणीतरी तुमच्याच पालकांत सापडतं. आधी तुम्ही एकटे जाऊन या. मालकाशी बोला, कामगारांशीही बोला, कारण मुलांना समजावून सांगणार ते आहेत आणि ती वेळ त्यांच्या कामातून जाणार आहे. जेवणाच्या सुट्टीआधीचा अर्धा तास आणि सुट्टीतली पहिली दहा मिनिटं असं ठरवलं की माग चालू असताना बघता येतो आणि बंद असताना विचारता येतं.

मुलांना एका वेळी सहा-सहा करून न्या. आत आवाज एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून कानात कापूस घालायचा, केस आणि ओढण्या बांधून घ्यायच्या, आणि जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मागाला हात कुणी लावणार नाही, हे पालकांच्या संमतिपत्रातही लिहा. बोलता येत नाही म्हणून प्रत्येकाला एकच गोष्ट बघायला द्या: एकाने फक्त धोटा बघायचा, एकाने फक्त कार्डांची साखळी, एकाने धागा तुटल्यावर कामगार काय करतो ते. एक गोष्ट नीट बघितलेलं मूल परत आल्यावर जे सांगतं ते सगळं बघून आलेल्याला सांगता येत नाही.

तेलुगू येणारी मुलं इथे पुढे येतात. कामगार आजोबा मराठीत दोन वाक्यांत सांगतात, तेच तेलुगूत दहा मिनिटं सांगतात. वर्गात गप्प बसणारी मुलगी अशा वेळी सगळ्यांची दुभाषी होते. तिच्याकडून ते भाषांतर वहीत लिहून घ्या आणि त्यावर तिचं नाव घाला.

पायरी ६ : बनवणं, फसणं, पुन्हा बनवणं

सगळ्यात जास्त दिवस इथे द्या. सामान स्वस्त आहे: जुन्या लग्नपत्रिका, पंचिंग मशीन, चौकटीचा कागद, लोकर आणि जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या वर-खाली सोळा-सोळा खाचा पाडून त्यांत सोळा उभे धागे ताणायचे. चौकटीच्या कागदावर सोळा बाय सोळा घरांत नक्षी काढायची. मग पत्रिकांच्या पट्ट्या कापायच्या. एका ओळीला एक पट्टी, रंगवलेल्या घराला एक छिद्र. पट्ट्यांवर अनुक्रमांक घालायला मुलं हमखास विसरतात. विसरू द्या. पट्ट्या एकदा खाली पडल्या की नंतर कुणी विसरत नाही.

मग जोड्या करा. एकाने पट्टी वाचायची, 'छिद्र, कोरं, कोरं, छिद्र', आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या दुसऱ्याने त्याप्रमाणे धागे उचलून विणायचं. नक्षी बघायची नाही. आमच्याकडे एका जोडीची कोयरी उलट्या बाजूला वळलेली निघाली. दोघी भांडायला लागल्या, चूक कुणाची म्हणून. पट्ट्या तपासल्या तर बरोबर होत्या, विणलेलंही बरोबर होतं. बराच वेळ कुणालाच कळेना. मग एकीच्या लक्षात आलं की पट्टी वाचणारी मैत्रीण उजवीकडून सुरुवात करतेय. ती घरी उर्दू वाचते. तिच्या दृष्टीने ओळ उजवीकडूनच सुरू होते! त्या दिवशी मुलांनी स्वतःहून नियम केला की प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला कोपरा कापायचा. मी हा नियम आधीच सांगून टाकला असता तर तो त्यांचा झाला नसता.

मुलं अडकलेली असताना शिक्षकाचा जीव तुटतो आणि उत्तर ओठांवर येतं. ते आवरा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: आतापर्यंत काय करून पाहिलं? त्यातून काय कळलं? आता काय बदलून बघशील? एवढ्याने नऊ-दहा वर्षांचं मूल पुढे सरकतं. फारच रडकुंडीला आलं तर अडचण लहान करून द्या, सोळाऐवजी चार धाग्यांवर करायला सांगा.

पुढे धावणाऱ्या मुलांसाठी त्याच कामात खोली आहे, वेगळं काम शोधायला नको. दोन धागे असतील तर किती वेगवेगळ्या पट्ट्या बनतील? चार. तीन धाग्यांच्या? आठ. मग सोळा धाग्यांच्या? मुलं दुप्पट-दुप्पट करत जातात आणि ६५,५३६ वर पोचतात तेव्हा वर्गात गलका होतो. कमीत कमी वेगळ्या पट्ट्या वापरून नक्षी कशी काढता येईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न. सममिती इथे पाठ्यपुस्तकातून उठून खऱ्या कामाला लागते: वरची आठ पट्ट्यांची साखळी उलट्या क्रमाने पुन्हा लावली की उरलेलं अर्धं फूल आपोआप तयार.

काही मुलं कागद फाडतील. एक रेघ वाकडी गेली की सगळं फेकून देणारी मुलं या गटात हमखास असतात, कारण आजवर त्यांचं सगळं पहिल्या झटक्यात बरोबर आलेलं असतं. त्यांच्यासाठी एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवा: काहीही फेकायचं नाही, प्रत्येक कच्च्या कामावर तारीख घालून ते धारिकेत लावायचं आणि शेवटी पहिल्या व शेवटच्या कामात काय बदललं ते सांगायचं. सगळी सूत्रं स्वतःकडे घेणारं मूलही असेलच. त्याला रागावू नका, दर आठवड्याला कामं फिरवा. वाचणारा विणायला बसला की त्याला कळतं, भरभर वाचल्यावर समोरच्याचं काय होतं.

पायरी ७ : बाहेरच्या माणसाकडून पारखून घ्या

तुम्ही 'छान' म्हणालात तर मुलांना त्याची फारशी किंमत नसते. तुम्ही त्यांचेच आहात. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यातच नक्षीचे कागद माग चालवणाऱ्या किंवा नक्षी काढणाऱ्या माणसाला दाखवा, शेवटी नव्हे. तो बोट ठेवून सांगतो, 'बाळा, हा धागा एवढा लांब मोकळा सोडलास तर पांघरताना बोटात अडकेल, तुटेल.' एका रंगाची सलग मोठी जागा काढलेल्या मुलांना तेव्हा समजतं की कागदावर सुंदर दिसणारं सगळंच विणता येत नाही. ती घरी जाऊन चादरीची मोठी फुलं भिंगातून बघतात आणि मोठ्या रंगीत जागेतही धागे मधूनमधून कसे बांधून टाकलेत ते शोधून येतात. हे शिकवायला मला एक आठवडा लागला असता आणि तरी पटलं नसतं.

दुसरीच्या मुलांपुढचं सादरीकरण साधंच ठेवा. स्टेज नको, माईक नको, पाहुण्यांचं भाषण तर नकोच. चार टेबलं, चार माग, आणि प्रत्येक लहान मुलाच्या हाताने दोन ओळी विणून घ्यायच्या. मुलांना बोलकं स्पष्टीकरण ठेवायचं असेल तर आवाज मुद्रित करून त्याचा क्यूआर कोड मागाशेजारी चिकटवता येतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ती शाळा आपल्याच जिल्ह्यातली आहे, त्यामुळे साधनं नाहीत ही सबब आपल्याला शोभत नाही.

पायरी ८ : मूल्यमापन

सजावटीला शून्य गुण, हे प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात सांगा. मी तीन गोष्टी बघते: प्रश्न किती पुढे गेला, अडल्यावर काय केलं, आणि दुसऱ्याला समजेल असं सांगता आलं का. त्यासाठी प्रत्येक मुलाची एक शंकावही असते. रोज शेवटची पाच मिनिटं त्यात एकच गोष्ट लिहायची: आज काय कळलं नाही. शेवटी प्रत्येकाशी पाच-सात मिनिटं एकट्याने बोला, त्याच्याच मागावरची एक पट्टी काढून हातात द्या आणि 'इथलं एक छिद्र बुजवलं तर काय होईल?' असं विचारा. ज्याने काम केलंय तो लगेच सांगतो.

पालकांशी बोलताना

'शिष्यवृत्तीचं काय? नवोदयचं काय?' हे विचारणार, आणि विचारणं रास्तच आहे. त्यांना वादात ओढू नका. पहिल्याच बैठकीत कोणते घटक यात येतात त्याची यादी हातात द्या, घटक चाचण्या चालूच राहतील हे सांगा, आणि तिसऱ्या आठवड्यात शंकावही दाखवा. दुसरा नियम सांगताना थोडं ठाम राहा: प्रकल्पाचं सामान घरी जाणार नाही, घरी फक्त प्रश्न जातील. आजीला विचारायचं, काकांना विचारायचं. विडीच्या पानांवर हात चालवणारी आजी किंवा पूर्वी गिरणीत असलेले आजोबा अशा वेळी मुलाला जे देतात ते दुकानात विकत मिळत नाही. मात्र घरची मिळकत, कर्ज, गिरणी बंद पडल्यानंतरचे दिवस हे विषय मुलांना विचारायला लावू नका. कुणी आपणहून बोललं तर ऐकून घ्यायचं आणि ते फलकावर लावायचं नाही.

पुढचा विषय निवडताना

हा प्रकल्प जमला की मुलंच पुढचा मागतील. सोलापुरात प्रश्न भरपूर आहेत. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना कमीत कमी चालून जायचं तर वाट कशी आखावी? नळाला रोज पाणी येत नसेल, तर घरात किती साठवावं लागतं, आणि पाच माणसांच्या घराला खरं किती पुरतं? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीक एवढ्या कमी पावसात कशावर उभं राहतं? नान्नजच्या माळरानावर गवत राखल्याने कोणते पक्षी येतात? पाण्याचा प्रश्न घेतलात तर एक काळजी घ्या: कुणाच्या घरी टाकी आहे आणि कुणाच्या घरी दोनच घागरी, हे आकडे नावानिशी मांडू नका, सगळे मिसळून मांडा.

आणि चादरीच्या पट्ट्या टाकून देऊ नका. क्रमाने दोऱ्यात ओवून, वर नक्षीचं नाव आणि 'कोपरा कापलेल्या बाजूने वाचा' एवढी सूचना लिहून पेटीत ठेवा. पुढच्या वर्षीच्या गटाला नक्षी न दाखवता तीच पेटी पहिल्या दिवशी द्यायची आणि यातून काय विणलं जाईल ते शोधायला सांगायचं.